हरल्यानंतरचा रविवार

२५ जून २०२३ रोजी जयपूरच्या सवाई मानसिंग इनडोअर स्टेडियममध्ये प्रीमियर हँडबॉल लीगच्या पहिल्या हंगामाचा अंतिम सामना झाला आणि महाराष्ट्र आयर्नमेन संघाने गोल्डन ईगल्स उत्तर प्रदेशला हरवून करंडक जिंकला. महाराष्ट्राच्या नावाचा संघ विजेता ठरला खरा, पण त्या हंगामात तो महाराष्ट्रात एकही सामना खेळला नाही. सहाही संघांचे सगळे सामने अडीच आठवड्यांत, एकाच शहरात, एकाच छताखाली उरकले गेले. कोल्हापूरच्या किंवा नागपूरच्या मुलाला आपला संघ पाहायचा असेल, तर मोबाइलचा पडदा हाच काय तो मार्ग होता. पुढच्या वर्षी, म्हणजे २०२४ मध्ये, दुसरा हंगाम झालाच नाही.

तेव्हापासून या विषयावर जे बोलले जाते ते दोन टोकांचे असते. एक बाजू म्हणते की लीग परत आणा. तगडा प्रायोजक गाठा, चांगले परदेशी खेळाडू आणा, वाहिनीवर मोक्याची वेळ मिळवा, बाकीचे आपोआप होईल. दुसरी बाजू म्हणते की मुळात हा खेळ आपला नाही, तो पाहायला येणार कोण, त्यापेक्षा हाच पैसा कबड्डीला आणि खो-खोला द्या. दोघेही तावातावाने भांडतात, पण लीग म्हणजे तीन आठवड्यांचा टीव्हीवरचा कार्यक्रम, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते. माझ्या मते हे गृहीतकच चुकीचे आहे आणि त्यामुळे सगळा वाद भरकटला आहे. लीग म्हणजे हरल्यानंतरही पुढच्या रविवारी सामना असण्याची हमी. जर्मनीने ही हमी गावागावांतल्या संघांना दिली, म्हणून तिथली हँडबॉलची सर्वोच्च लीग गेली जवळजवळ साठ वर्षे उभी आहे. आपण ती खालच्या पायरीवर कोणालाच दिलेली नाही, म्हणून आपली वरची पायरी एका हंगामात निखळली.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मी एका जिल्हास्तरीय शालेय हँडबॉल स्पर्धेला गेलो होतो. मैदान मातीचे, चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद. एक शिक्षक वाकून फक्कीने सहा मीटरची कमान आखत होते आणि दोरीचे दुसरे टोक एका मुलीने गोलखांबापाशी पायाखाली दाबून धरले होते. गोलच्या चौकटीला जाळी नव्हती, त्यामुळे प्रत्येक गोलनंतर कोणीतरी चेंडू आणायला कुंपणापर्यंत धावत होते. पहिला सामना साडेआठच्या सुमारास सुरू झाला आणि साडेनऊच्या आत संपलाही. हरलेला संघ पहाटे अंधारात घरून निघालेला होता. स्पर्धा बाद पद्धतीची असल्याने त्या मुलींचा त्या वर्षाचा हँडबॉल तिथेच संपला. परतीची एसटी दुपारी होती. तोपर्यंत त्या झाडाखाली डबे उघडून बसल्या. त्यांची गोलरक्षक मात्र डबा तसाच मांडीवर ठेवून पुढच्या सामन्यातल्या गोलरक्षकाचे हात चेंडू सुटण्याआधी कसे उठतात ते टक लावून पाहत होती. ती त्या घटकेला जे शिकत होती ते वापरून पाहायला तिला सामना मिळणार कधी? एका वर्षाने, याच स्पर्धेत, आणि तोही कदाचित एकच.

आपल्याकडचा हँडबॉल असा चालतो. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या कागदावर आहेत, पण प्रत्येक पायरीवर एक हार म्हणजे वर्षभराची सुट्टी. खेळात मुले येतात त्यामागे दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि शासकीय नोकरीतले पाच टक्के क्रीडा आरक्षण ही दोन मोठी कारणे असतात. त्यात काही वाईट नाही, गरिबाघरच्या मुलाने खेळाकडून भाकरीची अपेक्षा ठेवली तर त्याला कोणी नावे ठेवू नयेत. अडचण अशी की एकोणीस वर्षांखालच्या गटातून बाहेर पडले की खेळायला जागाच उरत नाही. ज्याला विद्यापीठाच्या संघात स्थान मिळते तो आणखी काही वर्षे खेळतो. ज्याला सेनादल, रेल्वे किंवा पोलीस दलात नोकरी मिळते तो त्या संघाकडून राष्ट्रीय स्पर्धेत दिसतो. उरलेले सगळे, म्हणजे जवळजवळ सगळेच, विशीच्या आत माजी खेळाडू होतात. ज्या खेळात विशीच्या आत माजी खेळाडू तयार होतात, त्या खेळाला प्रशिक्षक, पंच, गुणलेखक आणि तिकीट काढणारा प्रेक्षक मिळणार कोठून?

आता जर्मनीकडे पाहू. हँडबॉलला तिथे नाव आणि पहिले नियम मिळाले ते १९१७ साली बर्लिनमध्ये. माक्स हायझर यांनी ते स्त्रियांच्या खेळासाठी केले होते. दोन वर्षांनी कार्ल शेलेन्झ यांनी त्याला आजच्या खेळाच्या जवळ आणले. पुढची काही दशके हा खेळ मुख्यतः उघड्या मैदानावर, फुटबॉलसारखा अकरा-अकरा जणांत खेळला जाई, आणि राष्ट्रीय विजेता ठरे तो प्रादेशिक विजेत्यांच्या एका छोट्या अंतिम स्पर्धेतून. थोडक्यात, आपण आज जिथे आहोत तिथेच ते होते. १९६६ साली, फुटबॉलच्या बुंडेसलीगानंतर (बुंडेसलीगा म्हणजे जर्मनीतली देशपातळीवरची सर्वोच्च लीग) तीन वर्षांनी, सात जणांच्या इनडोअर हँडबॉलची बुंडेसलीगा सुरू झाली. ती सुद्धा एकदम देशभराची एक लीग नव्हती. उत्तर आणि दक्षिण असे आठ-आठ संघांचे दोन गट होते, म्हणजे संघांना लांबचे प्रवास करावे लागू नयेत आणि खेळाडूला सोमवारी कामावर जाता यावे. एकसंध लीग झाली ती १९७७ मध्ये. स्त्रियांची लीगही १९७५ मध्ये दोन गटांतच सुरू झाली आणि १९८५ मध्ये एकत्र आली. दोन गटांची एक लीग करायला पुरुषांनी अकरा वर्षे आणि स्त्रियांनी दहा वर्षे घेतली. आपल्याकडे मात्र पहिल्याच दिवशी ‘राष्ट्रीय’ पाटी लावायची घाई असते.

त्या लीगमध्ये खेळले कोण? पहिला विजेता होता गुमर्सबाख, कोलोनच्या पूर्वेला डोंगराळ भागातले पन्नासेक हजार वस्तीचे गाव. या गावाने बारा वेळा जर्मन विजेतेपद आणि पाच वेळा युरोपातल्या विजेत्या क्लबांचा युरोपियन चषक जिंकला. १९७७-७८ च्या पहिल्या एकसंध हंगामाचा विजेता ग्रोसवालश्टाट हे तर माइन नदीकाठचे जेमतेम चार हजार लोकांचे खेडे. त्याने १९७९ आणि १९८० अशी लागोपाठ दोन वर्षे युरोपियन चषक नेला. सर्वाधिक, म्हणजे तेवीस विजेतेपदे नावावर असलेल्या कीलच्या संघाचे नाव आहे ‘टीएचडब्ल्यू’. त्यातला ‘टी’ व्यायाम मंडळाचा, आणि ‘एच’ व ‘डब्ल्यू’ ही हासे आणि विंटरबेक या शहराच्या कडेच्या दोन वस्त्यांची आद्याक्षरे. २०११-१२ च्या हंगामात चौतीसपैकी चौतीस सामने जिंकणारा हा संघ १९०४ पासून आपल्या आळीचे नाव छातीवर मिरवतो आहे. हे सगळे संघ मुळात व्यायामशाळांचे, मंडळांचे, सभासदांच्या वर्गणीवर चालणारे. तालीम आणि क्रीडा मंडळ या संस्था ज्याने जवळून पाहिल्या आहेत त्या मराठी माणसाला ही रचना समजावून सांगायची गरज पडू नये.

पण या रचनेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट विजेत्यांच्या यादीत दिसत नाही. आज बुंडेसलीगात अठरा संघ आहेत आणि दर हंगामाअखेर त्यातले तळाचे दोन खालच्या गटात जातात, तिथले दोन वर येतात. त्या खाली तिसरा गट, त्याच्या खाली प्रादेशिक, त्याच्याही खाली जिल्ह्याचे गट. अगदी तळाच्या गटातला, पोटावर चरबी आलेला, दिवसभर गॅरेजमध्ये काम करणारा पस्तिशीचा खेळाडूही त्याच शिडीवर उभा असतो. शनिवारी हरला तरी आठवड्याने त्याचा सामना असतो, आणि म्हणूनच त्याची मुलगी मैदानाच्या कडेला चेंडूचे टप्पे पाडत लहानाची मोठी होते.

आता विरोधी बाजूचे जे मुद्दे खरोखर वजनदार आहेत, ते मान्य करतो. पहिला मुद्दा पैशाचा आणि सभागृहांचा. जर्मनी श्रीमंत देश, तिथे गावोगावी क्रीडा सभागृहे, आपल्याकडे चाळीस बाय वीसचे लाकडी मैदान जिल्ह्यात एखादे असले तर नशीब. हे खरे आहे. हँडबॉलच्या चेंडूवर पकड यावी म्हणून मोठे खेळाडू बोटांना राळ लावतात, आणि ती जमिनीला चिकटते म्हणून सभागृहवाले कुरकुर करतात. आपल्या मुलांच्या बोटांना राळेऐवजी माती असते. मात्र सभागृहे आधी आली आणि मग खेळ वाढला, असा क्रम जर्मनीतही नव्हता. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हँडबॉलचा अंतिम सामना जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांच्यात उघड्या स्टेडियमच्या गवतावरच झाला होता. युद्धानंतर उद्ध्वस्त झालेल्या शहरांतही लोक उन्हाळ्यात मैदानावर आणि हिवाळ्यात मिळेल त्या सभागृहात खेळत. इनडोअर बुंडेसलीगा सुरू झाल्यानंतरही १९७३ पर्यंत तिच्या जोडीला मैदानी हँडबॉलची बुंडेसलीगा चालू होती. इनडोअर हँडबॉल ऑलिंपिकमध्ये आले ते १९७२ मध्ये, म्युनिकला. आधी खेळणारे तयार झाले आणि त्यांच्या मागणीतून सभागृहे बांधली गेली.

दुसरा मुद्दा प्रो कबड्डीचा, आणि तो सर्वांत जोरदार आहे. २०१४ मध्ये फ्रँचायझी पद्धतीने, म्हणजे मालकांनी विकत घेतलेल्या संघांची, सुरू झालेली ही लीग टिकली, खेळाडूंच्या हाती कधी स्वप्नात पाहिला नव्हता एवढा पैसा आला, आणि घराघरात चढाईपटूंची नावे पोहोचली. मग तेच हँडबॉलला का जमू नये? कारण २०१४ मध्ये कबड्डीला टीव्हीने जन्म दिला नाही. टीव्ही आली तेव्हा मागे शंभर वर्षांची मेहनत उभी होती: गिरणगावातल्या मंडळांचे फ्लडलाइटखालचे सामने, गिरण्यांचे आणि बँकांचे संघ, जत्रेतल्या स्पर्धा, १९९० पासून आशियाई स्पर्धेतली पदके. पाया होता, त्यावर मजला चढला. पाया नसताना चढवलेल्या मजल्यांचे काय होते ते पाहायला लांब जावे लागत नाही. हॉकीसारख्या आठ ऑलिंपिक सुवर्णपदकांच्या खेळातही प्रीमियर हॉकी लीग २००५ ते २००८ एवढीच चालली. २०१३ ला सुरू झालेली हॉकी इंडिया लीग २०१७ नंतर बंद पडली ती २०२४ च्या अखेरीपर्यंत. फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगचा हंगामही २०२५ मध्ये हक्कांच्या करारापायी लांबणीवर पडला. हे सगळे कागदावरचे करार होते. करार संपला की लीग थांबली. त्या जागी खाली दहा गट खेळत असते, तर वरच्या गटाचा प्रायोजक गेल्याने शनिवारचे सामने थांबले असते का?

तिसरा मुद्दा असा मांडला जातो की बढती-घसरणीच्या पद्धतीत गुंतवणूकदार येत नाहीत, आणि जर्मन क्लबही बुडतातच. बुडतात, हे निर्विवाद आहे. ग्रोसवालश्टाट वरच्या लीगमधून बाहेर फेकले गेले. लीगच्या स्थापनेपासून एकदाही न घसरलेले गुमर्सबाख २०१९ मध्ये खाली गेले. स्त्रियांच्या लीगमधला विजेता लुडविग्सबुर्गचा क्लब २०२५ च्या उन्हाळ्यात दिवाळखोर होऊन लीगमधून बाहेर पडला. पण या बाबतीत हॅम्बुर्गची गोष्ट सविस्तर पाहण्यासारखी आहे, कारण आपल्या फ्रँचायझीच्या सर्वांत जवळ जाणारा जर्मन प्रयोग तोच. बाड श्वार्टाउ या छोट्या गावाच्या क्लबची वरच्या लीगमधली जागा घेऊन हा संघ २००२ मध्ये हॅम्बुर्गसारख्या महानगरात आला. मोठे सभागृह, नामवंत खेळाडू आणि प्रामुख्याने एका धनिकाचा पैसा. २०११ मध्ये जर्मन विजेतेपद आणि २०१३ मध्ये चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकण्यापर्यंत मजल गेली. मग त्या पैशाचा ओघ आटला, डिसेंबर २०१५ मध्ये दिवाळखोरी जाहीर झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये हंगामाच्या मध्यावर लीगमध्ये खेळण्याचा परवाना गेला. लीगचे मात्र काय बिघडले? एक संघ कमी झाला, बाकीचे खेळत राहिले. आणि हॅम्बुर्गने तिसऱ्या गटापासून पुन्हा सुरुवात करून २०१८ मध्ये दुसरा गट आणि २०२१ मध्ये बुंडेसलीगा गाठली. गुमर्सबाखही २०२२ मध्ये परतले. शिडी असली की पडलेल्याला उभे राहण्याची जागा असते. आपल्या लीगमध्ये एका मालकाने हात काढून घेतला तर त्या संघाने जायचे कुठे?

एवढी ताकद या रचनेत आहे याची सर्वांत मोठी परीक्षा १९९१ मध्ये झाली. आदल्या वर्षी पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक झाले होते आणि पूर्व जर्मनीची सरकारी पैशावर चालणारी, १९८० चे ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेली हँडबॉल व्यवस्था एका रात्रीत निराधार झाली. पश्चिमेकडच्या लीगने १९९१-९२ च्या एका हंगामासाठी पुन्हा उत्तर-दक्षिण गट केले, पूर्वेचे संघ त्यात सामावून घेतले आणि नंतर मैदानावरच्या निकालांनी कोण वर राहणार ते ठरवले. पूर्वेच्या माग्डेबुर्गला विजेतेपदासाठी २००१ पर्यंत थांबावे लागले. दुसऱ्याच वर्षी त्याने चॅम्पियन्स लीगही जिंकली. पूर्वेच्या बऱ्याच क्लबांसाठी ती दहा वर्षे फार कष्टाची गेली आणि त्यात काही कायमचे मागे पडले, हे मी झाकत नाही. पण माग्डेबुर्गच्या सभागृहात तेच प्रेक्षक तिकीट काढून येत राहिले, कारण संघ हरत होता तेव्हाही तो त्यांच्या गावात, त्यांच्या डोळ्यांसमोर खेळत होता.

राहिला ‘परका खेळ’ हा आक्षेप. खरे सांगायचे तर मला हा आक्षेप समजतच नाही. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर खो-खोचे नियम १९१४ मध्ये बांधले गेले. हँडबॉलचे बर्लिनमध्ये १९१७ मध्ये. दोन्ही खेळ एकाच काळात, व्यायामशाळांच्या एकाच प्रकारच्या चळवळीतून आकाराला आले. १९३६ मध्ये बर्लिनला हँडबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये खेळले गेले, त्याच उन्हाळ्यात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने त्याच शहरात आपल्या खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. तो सोहळा नाझींच्या प्रचाराचा होता हे विसरता येत नाही, पण अमरावतीची तरुण मुले आपला खेळ घेऊन जगापुढे गेली आणि तेव्हा त्यांना कोणी ‘हा परका खेळ’ म्हणून परत पाठवले नाही. क्रिकेटही कधी तरी परकेच होते. मुंबईने ते आपलेसे केले त्यात १९४८ पासून भर पावसाळ्यात चालणाऱ्या कांगा लीगचा वाटा मोठा आहे. ‘ए’पासून ‘जी’पर्यंत गट, चिखलातल्या खेळपट्ट्या, आणि दर रविवारी सामना. कसोटीपटू आणि कारकून एकाच लीगमध्ये खेळत. कारकुनाचा क्लब चांगला खेळला तर वरच्या गटात जाई. मुंबईच्या क्रिकेटचा दबदबा याच मैदानांतून आला. आपल्याला शिडीची लीग कशी चालवायची हे ठाऊक नाही, असे कोणी म्हणू शकेल का?

खेळाडूंकडे गुणवत्ता नाही, हेही खरे नाही. रोहतकमध्ये १९७२ साली राष्ट्रीय संघटना सुरू झाल्यापासून हा खेळ इथे पन्नास वर्षे रुजतो आहे. मार्च २०२२ मध्ये कझाकस्तानमधल्या अल्माटी शहरात भारताच्या ज्युनियर मुलींनी आशियाई विजेतेपद जिंकले. संघटनेतले वाद न्यायालयापर्यंत गेले असतानाच्या काळातले हे यश आहे. त्या मुलींना वर्षाला पंचवीस सामने मिळाले असते तर त्या आज कोठे असत्या?

म्हणून मागणी करायची तर ती खालून करावी. पहिल्या वर्षी चार-पाच जिल्ह्यांत आठ-आठ संघांची, सप्टेंबर ते फेब्रुवारी अशी साखळी पद्धतीची लीग, घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर एकेक सामना. शाळा, महाविद्यालये, तालमी, क्रीडा मंडळे, पोलीस, सगळ्यांना प्रवेश. वयाची अट नाही. प्रवास पन्नास किलोमीटरच्या आतला, म्हणजे एसटीचे भाडे आणि डबा एवढ्यात भागणारा. मैदान मातीचे असले तरी चालेल, जाळी मात्र हवी. खर्चाचा प्रश्न विचारणाऱ्यांनी एका फ्रँचायझी संघाच्या अडीच आठवड्यांच्या हॉटेलबिलाशेजारी हा खर्च मांडून पाहावा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बढती-घसरण, मग विभागीय गट, मग राज्याचा. आणि कोणाला व्यावसायिक राष्ट्रीय लीग पुन्हा आणायचीच असेल तर जरूर आणावी, खेळाडूंना पैसा मिळतो आहे त्यात आडकाठी करण्याचे कारण नाही. पण ज्या राज्याचे नाव संघाला द्याल त्या राज्यात निम्मे सामने खेळा, आणि संघातल्या किमान काही जागा त्या राज्याच्या जिल्हा लीगमधून भरा, एवढ्या दोन अटी त्यांच्या करारात लिहून घ्याव्यात.

त्या स्पर्धेत झाडाखाली बसलेली गोलरक्षक सतरा वर्षांखालील गटातली होती. शालेय हँडबॉलची तिची दोन-तीन वर्षे अजून उरली असतील, म्हणजे सध्याच्या पद्धतीत संघाचे नशीब नेहमीसारखे राहिले तर आणखी दोन-तीन सामने. आठ संघांच्या साखळीत घरचे आणि बाहेरचे धरून एका हंगामात तिला चौदा मिळतील.